हलकी चाकं

परिचारिकेने बॉनेट उघडलं आणि टायरवाल्याला हाक मारली.

"जरा बघता का? इंजिन गेलंय बहुतेक. टाकी भरली की संपलीच म्हणून समजा."

टायरवाला हात पुसत आला. त्याने बॉनेटकडे पाहिलंही नाही, वाकून चाकावर थाप मारली.

"इंजिन कशाला जाईल, ताई? एवढीशी गाडी, तिला ही रुंद, जडशीळ चाकं. ओढून ओढून दमते बिचारी. मग पेट्रोल पिणारच."

वाढदिवसाला नवऱ्याने इथूनच ही चकचकीत चाकं बसवून आणली, तेव्हा ती हरखून गेली होती. टेकडीपलीकडच्या वस्त्यांवर बाळंतिणींना तपासायला ती याच गाडीने जाई. हल्ली मात्र गाडी चढावर धापा टाके. एसी बंद करून, घामाने निथळत ती पेट्रोल वाचवू पाही. आणि रोज जेवताना नवरा म्हणे, "गाडी पेट्रोल ढोसते नुसती. परवडणार कसं? सोड आता ही वणवण, घरी बस." तिलाही ते पटू लागलं होतं. उद्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंना तसं सांगायचंही तिने ठरवलं होतं.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"साहेबांना सांगितलं होतं की. गाडी जास्त पिईल म्हटलं. हसून म्हणाले, पिऊ दे, तेवढीच कमी फिरेल."

तिने हळूच बॉनेट खाली घेतलं.

"माझी जुनी चाकं आहेत ना?"

"मागे पडलीयेत. दिसायला अगदीच—"

"बसवा."

घराच्या फाटकाशी नवरा उभाच होता. गाडी पाहून त्याचा चेहरा उतरला.

"हे काय? एवढ्या हौसेनं आणली होती मी!"

"माहितीये. टायरवाल्याने सगळं सांगितलं."

तो उगाच फाटकाची कडी खालीवर करत राहिला.

तिने आत जाऊन औषधांची पेटी आणली, शेजारच्या सीटवर ठेवली आणि स्टिअरिंगमागे बसून पट्टा लावला.

"तपासणीला धरणापलीकडची वस्ती कुणीच घ्यायला तयार नव्हतं," ती काच खाली करून म्हणाली. "आत्ताच डॉक्टरीणबाईंना फोन केला. मी घेतली."

"अगं, पण जेवायचं?"

"भात लावा. दोघांचा."

तो फाटकातून बाजूला झाला.