बोऱ्यातला आवाज

"म्हनून राहिले ना तुमी?" जयवंतानं वरून विचारलं.

"म्हनून राहिलो. टाक तू," खालून देवीदास म्हणाला आणि त्यानं पुन्हा नाम धरलं. विठ्ठल, विठ्ठल.

लाकडी चौकटीला माणसाहून उंच गोणपाटाचा बोरा टांगलेला. देवीदास आत उभा राहून रुई पायांनी तुडवी. बायको, जयवंता, माचीवरून टोपलीनं ओती. रुई दबत जाई तसा तो वर येई. तोवर त्याचं डोकंही दिसत नसे. म्हणून अमरावतीच्या कापूसबाजारात एक रीत पडली होती : आतल्यानं तोंड मिटायचं नाही. कुणी लावणी म्हणे, कुणी बैलाला द्याव्या तशा शिव्या देई. देवीदास देवाचं नाव घेई. आवाज थांबला की टोपली थांबवायची.

त्यानं भातकुलीला बापासंगं वांगी-मेथी पिकवली होती. अकोल्याच्या वाटेवर दुसऱ्याच्या बंड्या हाकल्या. येऊ घातलेल्या आगगाडीसाठी मातीचे भराव टाकले. समोर येईल ते काम प्रसादासारखं दोन्ही हातांनी घेतलं. मग समुद्रापलीकडे कुठंशी लढाई जुंपली, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याची कळा आली, आणि नवराबायको या चौकटीशी आली. पण देवळात कीर्तन असलं की बुवांच्या मागं उभं राहून धृपद धरायला देवीदासच लागे. "तुमचा सूर म्हणजे माझी काठी," बुवा म्हणत.

दिवाळीपासून त्या सुरात रुईचा धुरळा शिरला होता. रात्री तो खोकला, की जयवंता अंथरुणात उठून बसे.

"जयवंताबाई, लेकराले घास भरवून राहिल्या काय?" मुकादम खुशालराव ओरडले. "बंड्या खोळंबल्या बाहीर! शकुन, तूही चढ वर. दोघीजनी वता."

खाली टोपल्या भरून देणारी शकुन चढली. दोन टोपल्या पडू लागल्या. खालचं विठ्ठल अडखळलं, खोकल्यात बुडालं, आणि नाहीसं झालं.

"थांब, शकुन!"

"दम घेत असन तो," खुशालराव म्हणाले. "टाका!"

"अवो... आयकता काय?"

काही नाही. जयवंतानं माचीवरून उडी टाकली, बोऱ्याला कान लावला. स्वतःच्या काळजाचेच ठोके तिला ऐकू आले. सबंध संसारात जे नाव तिनं उखाण्याबाहेर घेतलं नव्हतं, ते तिच्या तोंडून किंचाळीसारखं निघालं.

"देवीदास!"

तिनं कमरेचा विळा काढून शिवण फाडली.

"अवं, बोरा काहून फाडता!" म्हणत खुशालराव धावले; पण रुईतून लोंबणारा हात दिसताच त्यांनीच तो धरून ओढला.

देवीदास बाहेर कोसळला. भुवया पांढऱ्या, तोंडात रुई. जयवंतानं बोटं घालून ती काढली. कितीतरी वेळानं छाती हलली.

"मी पाय आपटत होतो," तो कुजबुजला. "ताल देत होतो. तुले आयकू नाई आला?"

"अवो, रुईत पायाचा आवाज येते काय?" ती म्हणाली आणि रडू लागली.

त्या एकादशीला कीर्तनात बुवांनी सवयीनं मागं पाहिलं. देवीदासानं झांज वाजवली, ओठ हलवले. बुवांनी मग धृपद स्वतःच ओढून नेलं.

दुसऱ्या दिवशी खुशालराव खाली मान घालून म्हणाले, "फाटला बोरा मी शिवून घेतो. पर चौकट रिकामी ठेवता येत नाई, जयवंताबाई. आत मानूस लागते."

तिनं लुगड्याचा कासोटा घट्ट केला. कीर्तनात बायांच्या मागं बसून नुसते ओठ हलवणारी जयवंता. चारचौघांत तिचा सूर कुणी ऐकला नव्हता.

"म्हनशीन ना?" माचीवरून देवीदासानं विचारलं. घशातून वाराच निघाला.

"टाका तुमी."

ती आत उतरली. डोक्यावरचा पदरही दिसेनासा झाला. खालून विठ्ठल उमटलं : बेसूर, थरथरतं.

देवीदासानं टोपली बाजूला सारली आणि मुठीमुठीनं रुई सोडू लागला. खुशालराव लांबून पाहत होते. त्यांनी हाक मारली नाही.

मधे ती श्वास घ्यायला थांबे, तेव्हा त्याची मूठ हवेतच राही.