पिवळ्या थराखाली

“त्या पिवळ्या मातीले हात नको लावू व पोरी. खालून कोरत गेली तं वरचं समदं अंगावर येईन,” शेजारची वच्छलामावशी म्हणाली होती. मला सातवा महिना होता. मी हसले आणि चमच्यानं आणखी एक खडा खरवडून तोंडात टाकला.

मोहगावबाहेरच्या जुन्या मुरमाच्या खदानीत, भिंतीत हातभर जाडीचा तो थर आहे. हिमयुगात नदीनं आणून टाकलेला. त्यात हत्तीचा दात निघाला, म्हणून खदान बंद झाली, तार लागली, बोर्ड लागला. मी बी.एससी. झालेली, बोर्ड वाचूनच आत शिरले होते. वर डोहाळजेवणात बायांना सांगितलंही, “भाजल्या चण्यासारखी लागते.”

मग गर्भार बाया येऊ लागल्या. थराखाली माणूस बसेल एवढी कपार झाली आणि तिच्यावर गाडीभर गोटे लोंबू लागले.

लेक झाली. हिमानीला कडेवर घेऊन खदानीत गेले तेव्हा वरच्या भेगेत बोट जात होतं. महिन्याभरानं मूठ. मी फोटो जोडून पुरातत्त्व खात्याच्या कचेरीत अर्ज दिला, लोंबता भाग पाडा म्हणून.

“मॅडम, संरक्षित भिंत आहे. कुदळ लावता येत नाही. वरून परवानगी येऊ द्या,” साहेब म्हणाले.

“आणि बाया खरवडतात ते?”

“ते तर बेकायदेशीरच आहे.”

घरोघर जाऊन सांगितलं, खाऊ नका. गल्लीतली गर्भार केतकी हसली, “वहिनी, तुमची पोरगी तं चांगली गुबगुबीत झाली!”

शेवटी मावशीच शेळ्या घेऊन कपारीत बसू लागली.

“मावशी, इथं काऊन बसता?”

“मी बसली तं पोरी लाजून मांगं जाते. बोर्डाले कोण लाजते?”

“अन् वरून आलं तर?”

“माह्या पोटात कोण हाय आता?”

मी हात धरून ओढलं. उठली नाही.

यांची बदली झाली, आम्ही पांढुर्ण्याला आलो. परवापासून पावसाची झड लागली आहे. हिमानी तापानं फणफणली आहे, हे दौऱ्यावर आहेत. मावशीकडे फोन नाही, केतकी उचलत नाही.

तुमच्यापैकी कुणी जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला येणार असाल, तर तेवढं जवळच्या मोहगावला जा. खदानीच्या तारेबाहेरूनच वच्छलामावशीला हाक मारा, आत जाऊ नका. अश्विनीनं बोलावलं म्हणा. ती बाहेर आली का, तेवढं मला कळवा.