फ्लेक्सखालचं घर

कोंढ्याजवळच्या त्या मिशनच्या घराचं एकेक दुखणं मंदाबाईला पाठ होतं. छप्पर कवेलूचं, म्हणजे मातीच्या कौलांचं, आणि कवेलू माकडांच्या तावडीत. मेली चिंचेवरून उडी घ्यायची ती नेमकी सिस्टरच्या खोलीवर! मंदाबाईच्या नवऱ्याने, कवडूने, तिथे कुण्या भाऊच्या वाढदिवसाचा फ्लेक्स नायलॉनच्या दोरीने ताणून बांधला होता. घाईत फ्लेक्सचं तोंड खाली गेलं. "फुटक्या कवेलूतून भाऊ रातभर हात जोडून मलेच पायते," असं सिस्टर म्हणायची. पण उतरवून उलटा करायला सवड कुणाला होती?

सिस्टर आसुन्ता इटलीची. ऐन तरुणपणी दवाखाना चालवायला आली आणि इथलीच झाली. आता सत्तरी उलटली, दवाखाना बंद पडला, उरलं ते कपाटातलं सामान. त्याच सामानावर घर तगून होतं. खुर्चीचा पाय मोडला, की हाड मोडल्यासारखं त्याला प्लास्टर. नळ गळला, की चिकटपट्टी. चपलांना टाक्यांचा दोरा. स्वयंपाकघरातल्या गळतीला तर सलाईनची नळी लावून पाणी थेट बादलीत सोडलेलं. घर कसलं, भरती केलेला पेशंटच तो! आणि त्याची नर्स मंदाबाई, जी कामाला लागली होती म्हणे स्वयंपाकासाठी.

उद्या रोमहून सिस्टरच्या संघाच्या प्रमुख, मदर, येणार होत्या. त्या काही वर्षांनी एकदा यायच्या, घर बघायच्या, आणि सिस्टरने राहायचं की परतायचं ते सांगून जायच्या. मागच्या खेपेला मंदाबाईने घर असं सजवलं होतं की मदर म्हणाल्या, छान आहे, राहा. तेव्हापासून मंदाबाईची मान ताठ. यंदाही तिला सिस्टरला जाऊ द्यायचं नव्हतं. तिची लेक टीना याच बाईच्या हातावर जन्मली. आई गेली तेव्हा रडायला मांडी मिळाली, तीही हिचीच.

श्रावणाची झड लागली होती. मंदाबाई खुर्चीच्या प्लास्टरवर चुना फासत होती, उद्या तरी ते नजरेस पडू नये म्हणून. सिस्टर खाटेवर गुडघे चोळत बसली होती.

"मंदा, राहू दे वो आता."

"राहू कशी देऊ? मदर पाहून काय म्हणन?"

"पाहू दे. मी थकली."

मंदाबाईचा हात थांबला. सिस्टर भिंतीकडे बघत बोलत होती. "तिकडे इटलीत माझ्या बहिणीच्या घरी खालची खोली आहे. पायऱ्या नाहीत. ती लय दिवसाची बोलावून राहिली."

"मंग मदरले सांगत काहून नाही?"

"आमच्यात आपल्यासाठी काही मागत नाहीत. मदर पायते, मदर ठरवते. मी तसा शब्द देला."

"आवं माय! मंग तोंड कायले देलं देवानं?" मंदाबाई भडकलीच. "जनमभर आमाले सांगून राहिल्या, दुखते तर बोला, लपवू नका म्हनून! अन् सोताचं?"

सिस्टर हसली, पण हसण्यातही त्राण नव्हतं.

मंदाबाई चुन्याचा डबा आपटून घरी गेली. राग स्वतःचाच आला होता. मागच्या खेपेला मदर 'राहा' म्हणाल्या तेव्हा सिस्टरने मान खाली घातली होती. आपल्याला वाटलं, आनंदाने. आपण बाई मारे ठिगळं लावत बसलो, आणि त्याच ठिगळांनी म्हातारीला इथे डांबून ठेवलं. पण ती गेली तर आपलं कोण? तिने पुढ्यातलं ताट बाजूला सारलं.

"काय झालं वो?" कवडूने विचारलं.

"काही नाई. विळ्याले धार लावून ठेवा."

दुसऱ्या दिवशी मदर आल्या. कोरडी जागा एकच, म्हणून ताटं सिस्टरच्या खोलीत मांडली होती. मदरनी घरभर नजर फिरवली आणि समाधानाने मान हलवली. सिस्टरनेही हलवली. ती मान मंदाबाईला बघवली नाही.

वरण वाढून ती मागल्या दाराने निघाली. भिंतीला शिडी लावली, पदर खोचला. दोरी करकचून बांधलेली होती. ढिली नका ठेवू, असं तिनेच कवडूला बजावलं होतं. ती रडत होती, पण पावसात कुणाला कळणार? तिने विळा लावला. भाऊ हात जोडूनच घसरले, आणि फ्लेक्सवर साचलेलं पाणी फुटक्या कवेलूतून धो धो आत गेलं.

ती आत आली तेव्हा मदर उठून उभ्या होत्या. ताटात भात तरंगत होता. खुर्चीवरचा चुना ओघळून प्लास्टर उघडं पडलं होतं. मदर वर बघत होत्या, मग खुर्चीकडे, मग सिस्टरच्या शिवलेल्या चपलांकडे. चपलांवर त्यांची नजर बराच वेळ राहिली. त्यांनी सिस्टरचा हात हातात घेतला आणि आपल्या भाषेत हळूच काहीतरी म्हटलं. मंदाबाईला शब्द कळला नाही. सिस्टरचे खांदे मात्र सैल झाले, डोक्यावरचा भारा उतरवल्यावर होतात तसे.

सिस्टरने दाराकडे पाहिलं. तिथे मंदाबाई निथळत उभी होती, हातात विळा. सिस्टरचे डोळे भरून आले.

"मंदा," ती म्हणाली, "बादली आन वो."

"कायले?" मंदाबाईने विळा दाराआड ठेवला. "गळू द्या आता."