चिंचेच्या वासाचा चेंडू

आमच्या यजमानांना गोल्फ येत नाही, हे अख्ख्या तंजावरला ठाऊक आहे. फक्त त्यांना कुणी सांगितलेलं नाही. निवृत्त झाल्यापासून, म्हणजे गेली अकरा वर्षं, वरुणराव दर शनिवारी सकाळी गावाबाहेरच्या नऊ होलांच्या मैदानावर जातात आणि मी कॉफीचा फ्लास्क घेऊन मागोमाग जाते. ते खेळतात. मी कडुलिंबाखाली बसून बघते.

सातव्या होलला मध्येच कालवा आडवा येतो. हे कालव्यांचे इंजिनियर. नोकरीत असताना हाच कालवा ह्यांनी चार फुटांनी रुंद करवला होता. अकरा वर्षांत ह्यांचा प्रत्येक चेंडू त्या वाढवलेल्या चार फुटांतच बुडाला आहे. "पेरावं तसं उगवतं," असं मी एकदा म्हणाले, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मला स्वतःला खेळायचं होतं. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं मी. काठी उचलतानाच चेंडू कुठे जाणार ते मला दिसतं. पण सदस्याच्या बायकोला खेळायचं तर फॉर्मवर सदस्याची सही लागते. तो फॉर्म भरून मी ह्यांच्या गोल्फच्या पिशवीत ठेवला, त्याला चार वर्षं झाली. विचारलं की उत्तर ठरलेलं. "उन्हांत चक्कर येईल तुज."

उन्हात बसून चक्कर येत नाही, खेळून येते म्हणे! मग मी माझा मार्ग काढला. दुपारी हे झोपले की गच्चीवर दोरीला जुनी सतरंजी टांगायची, ह्यांची सात नंबरची काठी घ्यायची आणि ह्यांच्या टाकून दिलेल्या चेंडूंनी सतरंजीला बडवायचं. शेजारची राजम कौतुकाने म्हणायची, "कनकलताक्का, तुमच्याइतकी झाडलोट कोणी करत नाहीं." मीही मान डोलवायचे.

अशात आमच्या अखिलाने टोरांटोहून येणाऱ्या मैत्रिणीबरोबर वडिलांसाठी एक चेंडू पाठवला. एकच, पण मखमलीच्या डबीत, जावयाला अंगठी द्यावी तसा. सोबत चिठ्ठी: हात कसाही असो, हा चेंडू सरळ आणि लांब जातो.

"कळलें कां गे?" हे चिठ्ठी नाचवत म्हणाले. "इतकीं वर्षें दोष बॉलचा होता."

"होय तर. आणि कालव्याचा. आणि वाऱ्याचा."

"शनिवारीं बघ. हा बॉल कालव्यापार जाणार."

"नाहीं गेला तर?"

"तर तुझ्या फॉर्मवर तिथेंच सही."

"आणि गेला तर?"

"तर त्या फॉर्मचें नांव तूं पुन्हां तोंडांतून काढायचें नाहीं. जन्मांत."

"सेरी, ठरलें," मी म्हणाले. म्हटलं खरं, पण लगेच मनात आलं, चिठ्ठी खरी असली तर? गणितवाल्या बाईने अशी पैज लावायचीच नसते. हरले असते तर उरलेला जन्म कडुलिंबाखाली गेला असता, आणि त्या झाडाखाली मुंग्या फार.

पण माणसाची बुद्धी कुठे फिरेल सांगता येत नाही. आमच्याकडे नवी वस्तू देवापुढे ठेवल्याशिवाय वापरायची नाही, मग ती मोपेड असो की मिक्सर. शुक्रवारी सकाळी ह्यांनी ती डबी माझ्याच हातात दिली आणि म्हणाले, "गंध-कुंकूं लावून देवापाशीं ठेव. उद्यां निघतांना घेईन." चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

मी त्या वेळी समया घासत होते. पुढ्यात चिंचेचा कोळ, हाताशी काथ्या. गच्चीवरचा एक जुना चेंडू आणला आणि समयांबरोबर त्यालाही घासला. चिंचेने पितळ उजळतं, तसा चेंडूही उजळला. जिथे छापलेलं नाव पुसट झालं होतं तिथे गंध जरा सढळ हाताने फासलं, वर कुंकवाचं बोट टेकवलं आणि स्वारीला डबीत बसवून शाळिग्रामाशेजारी ठेवलं. खरा नवा चेंडू माझ्या पर्समध्ये, रुमालाखाली. देवापुढे लबाडी केली म्हणून दोन फुलं जास्त वाहिली.

शनिवारी राहुकाळ टाळून आम्ही सातच्या आत मैदानावर पोचलो. ह्यांचे मित्र वैद्यनाथ पंच म्हणून हजर होते. ते पूर्वी कॉलेजात इतिहास शिकवत. प्रत्येक गोष्टीला साक्षीदार हवा, हा त्यांचा बाणा. पैजेची अट त्यांनी दोनदा मोठ्याने म्हणून घेतली: नवा चेंडू कालव्यापार गेला तर वरुणराव जिंकले, पाण्यात पडला तर कनकलताबाई.

पहिले सहा होल ह्यांनी जुन्या चेंडूवरच काढले. सातव्यावर डबी उघडली. चेंडू दोन्ही हातांत धरून तीर्थप्रसाद लावावा तसा डोळ्यांना लावला. आणि तिथेच थबकले. नाक किंचित हललं. माझ्याकडे एक नजर टाकली, पुन्हा चेंडूकडे, आणि गंध-कुंकवासकट तो टीवर, म्हणजे जमिनीत रोवलेल्या खुंटीवर, ठेवला.

मी पर्स पदराखाली ओढून घेतली.

एरवी हे मारण्याआधी इतका वेळ उभे राहतात की बगळ्यांना वाटावं खांब पुरला. त्या दिवशी उभे राहिले आणि मारलं. काठी सैल फिरली, खाडकन आवाज झाला, चेंडू उंच चढला, कालव्याच्या मधोमध आला, चार फूट ओलांडून गेला आणि पलीकडच्या लाल मातीत दोन टप्पे घेऊन थांबला.

"ऐयो!" वैद्यनाथ ओरडले. "पार! वरुणराव, पार!"

अकरा वर्षांत जे झालं नाही ते आज, तेही माझ्या चिंचेने घासलेल्या भंगार चेंडूने! खरं सांगावं तर चोर मी. गप्प राहावं तर फॉर्म गेला जन्माचा. आणि ह्या सगळ्यात एक नालायक विचार असाही आला, की किती सुंदर मारला ह्यांनी. डोळे भरून आले, ते कशामुळे हे तेव्हाही कळलं नाही.

हे शांतपणे माझ्यासमोर आले. "पर्स उघड."

"कां म्हणून?"

"चिंचेच्या वासाचा बॉल टोरांटोंत मिळत नाहीं, कनकलता. नवा काढ."

वैद्यनाथ बघतच राहिले. मी रुमाल बाजूला सारून नवा चेंडू काढला. "मग कळलें होतें तर मारलात कशाला?"

"जुना आहे कळलें, तेव्हांच तर हात सुटला. बुडाला तर बुडाला." ह्यांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता. "बॉलचा दोष नव्हता गे. महागडा बॉल बुडेल, इतकीं वर्षें हेंच भय होतें." मग पंचाकडे वळले. "वैद्यनाथा, पैज नव्या बॉलची होती. नवा अजून मारलाच नाहीं. खरें कां खोटें?"

"खरें," वैद्यनाथ म्हणाले. "पाण्यांत पडला असता तरी हेंच म्हणाला असतास."

"अर्थात. आतां नवा हिनें मारायचा. लबाडीचा दंड." आणि सात नंबरची काठी माझ्यापुढे धरली. "पार गेला तर मी जिंकलों. पाण्यांत पडला तर सही."

मला आधी नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा हसू आवरेना. म्हणजे वाईट मारायचं, की मला खेळायला मिळणार! चेंडू पाण्यात टाकणं काय अवघड? ह्यांच्याकडून अकरा वर्षं तेच शिकले होते. जरा हात आखडला, जरा मान वर केली, की फॉर्मवर सही.

चपला काढल्या. पदर खोचला. चेंडू टीवर ठेवला, पांढराशुभ्र, गंधाचा ठिपका नसलेला. पाण्यात टाकायचा, असं मनाशी पक्कं ठरवून काठी उचलली.

पण हात ऐकेनात. चार वर्षं सतरंजीला मारलं मी. सतरंजीपलीकडे काय आहे ते एकदाही पाहिलं नव्हतं. समोर मोकळं आभाळ, खाली पाणी आणि हातात काठी असताना मुद्दाम वाईट मारायचं? उत्तर येत असताना फळ्यावर चूक लिहायची? मेले तरी जमलं नसतं. मी मारला.

तो गेला. सरळ गेला, अखिलाच्या चिठ्ठीत लिहिलं होतं तसा, कालव्यावरून, चार फुटांवरून, ह्यांच्या चेंडूवरूनही, आणि पुढे जाऊन थांबला.

"पार," मीच म्हणाले. "हरलें मी." काठी परत केली आणि चपला शोधायला लागले, नीट दिसत नव्हत्या.

"हरलीस," हे म्हणाले. "आतां त्या फॉर्मचें नांव तूं काढायचें नाहीं."

"नाहीं काढत."

"मी काढीन." पिशवीच्या खालच्या कप्प्यातून त्यांनी चार वर्षांची घडी बाहेर काढली, वैद्यनाथांना पाठ वाकवायला सांगितलं आणि त्यांच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. "तूं नांव काढायचें नाहीं, इतकीच अट होती. सही करायची नाहीं असें कुठें ठरलें होतें?"

"तुम्हांला कधींपासून माहीत?" मी विचारलं.

"सतरंजी रोज दुपारीं झाडावी लागत नाहीं, कनकलता. मजही कान आहेत. पण मला एकदां तरी कालवा ओलांडायचा होता. तुझ्या आधीं."

मग हे लहान पूल ओलांडून पलीकडे गेले आणि दोन चेंडूंमधलं अंतर पावलांनी मोजायला लागले. एकदा मोजलं. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजून परत आले, माझ्याजवळचा फ्लास्क घेतला आणि कडुलिंबाखाली जाऊन बसले.

"किती पावलें?" मी इकडून विचारलं.

"मुंग्या फार आहेत इथें," हे म्हणाले आणि माझ्यासाठी कॉफी ओतायला लागले.