घरच्या कपड्यांची खूण

लाँड्रीत आलेल्या प्रत्येक कपड्याला आई आतल्या बाजूने लाल दोऱ्याची खूण घालायची. डॉक्टरांना दोन आडवे टाके, शाळेच्या बाईंना फुली, कोपऱ्यावरच्या सुताराला नुसता ठिपका. घरच्या कपड्यांना मात्र खूण नसे. घरचं ते हाताला कळतं, असं तिचं म्हणणं. आणि कळायचंही. ढिगात हात घातला की भिंगरीचा सदरा आपणहून बोटांशी यायचा.

भिंगरी म्हणजे तिची लेक. एका जागी पाय ठरत नाही म्हणून बापाने ठेवलेलं नाव. यंदा तिची शाळा संपली. राज्याबाहेरच्या कॉलेजांचा विषय फी ऐकूनच मिटला. उरली दोन. एक गावातलं, दोन गल्ल्या ओलांडून, दुपारी घरी जेवायला येता येईल असं. दुसरं आपल्याच राज्याचं विद्यापीठ. फी परवडणारी, वसतिगृहही स्वस्त, पण बसने अर्ध्या दिवसाची वाट. आईचं गावातलंच ठरलं होतं. घर असताना पोरीने परक्या खाटेवर का निजावं? भिंगरीने हुज्जत घातली नाही. ती गप्प झाली, आणि ती गप्प झाली की घरातलं घड्याळसुद्धा मोठ्याने वाजायचं. शेवटी इस्त्रीच्या वाफेआडून बाप म्हणाला, "बघून तर या. बघायला कुठं फी पडते?"

म्हणून मायलेकी गेल्या.

आवारात शिरताना आईला वाटलं, आज इथं कुणाचं तरी लग्न आहे. पायऱ्यांवर नाटकाची तालीम चालली होती. झाडाखाली दोघं तावातावाने वाद घालत होते आणि मध्येच एकाच बाटलीतलं पाणी पीत होते. तिसऱ्या मजल्यावरून कुणी कुणाला हाका मारत होतं. भिंगरी तालमीपाशीच घुटमळली. वसतिगृहाच्या बाईंनी आईला खोल्या दाखवल्या, गच्चीवर नेलं आणि कुणीतरी बोलावलं म्हणून त्या खाली उतरल्या.

गच्चीभर दोऱ्या, दोऱ्यांभर कपडे. कडकडीत वाळलेले, उन्हात विटायला टेकलेले. आईचे हात शिवशिवले. तिने कपडे उतरवले, घड्या घातल्या, आणि माप बघून, साबणाचा वास घेऊन, कुणाचा पीळ घट्ट नि कुणाचा सैल ते पारखून जिचे तिचे ढीग लावले. मग कामाच्या समाधानात कठड्याला टेकून उभी राहिली.

तालीम आटोपून मुली वर आल्या. ढीग बघून आधी गोंधळल्या, मग हसत सुटल्या. त्यातली एक आईच्या दंडाला धरून म्हणाली, "मावशी, कष्ट वाया गेले हो तुमचे. इथं हे माझं, ते तुझं असं नसतंच. जिच्या हाताला जे लागेल ते ती घालते."

आईही ओशाळून हसली. तिने भिंगरीला शोधलं. नजर एकदा सगळ्यांवरून फिरली आणि रिकामीच परत आली. दुसऱ्यांदा फिरली तेव्हा कुठे ती दिसली. कुणाचा तरी पिवळा स्वेटर अंगात, नाटकातली लाकडी तलवार हातात, हसून हसून डोळ्यांत पाणी. पहिल्या खेपेला नजर आपल्याच लेकीवरून नुसती सरकून गेली होती.

लेकीला हाक मारून तडक निघावं, असं आईच्या मनात आलं. पण कठडा काही सोडवेना. खाली पुन्हा कुणीतरी हाक मारली, वरून ओ आली. तिला वाटलं, आपल्याला या पोरींच्या वयात कुणी अशी हाक मारली असती तर आपणही अशाच धावत सुटलो असतो.

परतीच्या बसमध्ये भिंगरी तिच्या खांद्यावर झोपली. पिवळा स्वेटर द्यायचा राहूनच गेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई भिंगरीचे कपडे मांडीवर घेऊन बसली. सुईत लाल दोरा होता.

"कुणाचे गं?" बापाने विचारलं.

"भिंगरीचे."

"घरच्यांना कधीपासून खूण?"

आईने दाताने दोरा तोडला. "खूण कशाला घालतो आपण? कपडा कुठंही गेला, कुणीही घातला, तरी फिरून घरी यावा म्हणून."

इस्त्री झालेल्या सदऱ्यावरच बाप पुन्हा इस्त्री फिरवत राहिला.

सगळ्यात शेवटी आईने धुतलेला पिवळा स्वेटर घेतला. नाकाशी धरला, उलटा केला. ती कुणाची कोण पोर, तिचं नावही ठाऊक नव्हतं. येऊ दे तीही एखाद्या सुट्टीत, असं पुटपुटत तिने त्यालाही आतून तोच टाका घातला.