चौथा मोजा

रंग: गडद, कडेला विटकरी.

मी ओनोरीन, गावच्या वाइन सोसायटीची तिसरी चाखणारी. उरलेले दोघे फुल्क्रां आणि गिलेम, सख्खे भाऊ. बापाच्या वेली वाटून घेतल्यापासून एकमेकांना बोंजूरसुद्धा म्हणत नाहीत.

बाटल्यांवर लोकरीचे मोजे चढवलेले असतात, कुणाची कुठली ते दिसू नये म्हणून. गुण शाईने लिहिल्याशिवाय मोजा उतरत नाही, आणि शाईचे गुण बदलत नाहीत. प्रत्येकाचे विसापैकी. तिघांचे मिळून छत्तीस झाले तर वाइन गावाच्या रोजच्या जेवणात, नाहीतर भट्टीत, स्पिरिट करायला. फुल्क्रांची वाइन दोन वर्षं भट्टीत गेली होती. तिसऱ्यांदा गेली की सोसायटी त्याची द्राक्षं घेणार नव्हती. वेली उपटायच्या.

मोज्यातूनही आपली वाइन आपल्याला ओळखू येते, असं आमच्या गावात प्रत्येकाला वाटतं.

वास: काळी ऑलिव्ह, ओली माती, मग—

फुल्क्रां बादलीत थुंकला. "ओळखली. ही याची. तीन." त्याने शाईने लिहिलं.

"मीही ओळखली," गिलेम म्हणाला. "माझीच आहे. अठरा." त्यानेही लिहिलं.

"स्वतःलाच अठरा. शाळेत कधी पडले होते का रे?"

"तुझ्या वाइनने आमच्याकडे फरशी पुसतात. फरशीपण तोंड वाकडं करते."

फुल्क्रांने कपाळ त्याच्या नाकावर हाणलं. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. गिलेमने बूच काढायचा स्क्रू उचलला, टेबलावर टेकलेल्या फुल्क्रांच्या पंजात खुपसला आणि सवयीने फिरवला. फुल्क्रां ओरडला नाही. मोकळ्या हाताने त्याने गिलेमचे केस धरले आणि डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. पुन्हा आपटलं. तिसऱ्यांदा उचललं, तेव्हा मी मोजा ओढून काढला.

बाटलीवर खडूने लिहिलं होतं: टाकी सात, फुल्क्रां.

त्याने केस सोडले.

चव: साधी, सरळ. घेवड्याच्या रश्शाबरोबर चालेल.

तीन आणि अठरा, एकवीस. माझ्याकडून पंधरा हवे होते. माझ्या कागदावर भांडणाच्या आधीच, पहिल्या घोटाला, पेन्सिलीने तेरा लिहिलेले होते. ते दोघांनाही दिसले.

"पंधरा लिही ना, ओनोरीन," गिलेम म्हणाला. शब्द रक्तातून फुगे होऊन येत होते. "बाबांच्याच वेली आहेत."

फुल्क्रांने त्याच्या बरगडीत लाथ घातली. "तुझी भीक नको मला."

मग माझ्याकडे वळला. स्क्रू अजून पंजातच होता. "तेरा आहे का?"

"तेरा आहे."

"मग लिही."

गुण: १३

शाई वाळेपर्यंत तो थांबला. मग भिंतीवरचा लाकडी हातोडा घेऊन सात नंबरच्या टाकीकडे गेला आणि पितळी तोटीवर घाव घालू लागला. चौथ्या घावाला तोटी उडाली. वाइन त्याच्या पोटावर आदळली, तो पडला, उठला नाही. त्यातच बसून राहिला.

माझे बूट बुडाले. गिलेम रांगत त्याच्यापर्यंत गेला, ओंजळ भरली, नाकाशी नेली.

"वासच येत नाहीये," तो म्हणाला.

"पी मग," फुल्क्रां म्हणाला.

तो प्यायला. थुंकला नाही.