मिटल्या डोळ्यांतून शिरणारी हडळ

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात कऱ्हाटीच्या प्रयागबाईच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं पेरूच्या झाडावरसुद्धा चढली होती. मधोमध काही दिवसांपासून असंबद्ध बडबडणारी तिची सून वृषाली केस मोकळे सोडून बसली होती आणि मानसिंग देवऋषी तिच्या तोंडासमोर मिरच्यांची धुरी धरून कानाशी काहीतरी पुटपुटत होता. हिच्या अंगात हडळ शिरलीय, ती मिटल्या डोळ्यांतून आत येते, तेव्हा हिचा डोळा लागू द्यायचा नाही, असा त्याचा हुकूम होता. पापणी मिटली की प्रयागबाई सुनेला चिमटा काढी. हे काम ती फार भक्तिभावानं करत होती.

तिसऱ्या दिवशी हडळ नाव सांगेल, असं मानसिंगनं बजावलं होतं. तिसऱ्या दिवशी वृषाली घोगऱ्या आवाजात खरंच बरळली, की मी विहिरीत पडलेली साखरबाई. लोकांनी हात जोडले. तालुक्यातल्या यच्चयावत हडळी आपल्याला वचकून असतात, असं मानसिंगनं सांगितलं. हडळींना विचारायची सोय नव्हती.

एवढ्यात सरकारी दवाखान्यातले डॉक्टर बुद्धघोष आले. सून आजारी पडण्याआधी झोपत कधी होती, असं त्यांनी प्रयागबाईला विचारलं. तिनं सांगितलं, मुलगा टेंपो घेऊन पुण्याच्या बाजारात, पंपाची लाईट येते रात्री, त्यामुळे वांग्याला पाणी द्यायला, वाफ्यांची दारं धरायला सूनच जायची. दिवसा धुणीभांडी, जनावरं आणि अंगावरचं पोर.

"झोपायला येळ कुठं हाय?" प्रयागबाई म्हणाली आणि गोठ्याकडं बघून तिनं पदर सावरला. "मालक आल्यात. चा टाकते."

तिचा नवरा कधीच वारला होता. हडळ सासूत शिरली म्हणून गर्दी मागं सरकली. मानसिंगनं लगेच दुसरी धुरी पेटवायला सांगितली.

"सुनेला जागवायला सासूही जागली, म्हणून दोघींना नसलेलं दिसतंय," डॉक्टर म्हणाले. "महाराज, तुम्हीही इथंच होतात. तुम्हाला कसं काही दिसत नाही?"

"आमच्या पाठीशी मंत्राचं बळ हाय."

"बळ न्हाय," शेजारचा तात्याबा म्हणाला. "म्हाराज माज्या कांद्याच्या चाळीत घोरत पडत्यात."

सगळा चमत्कार एवढाच होता. आजाऱ्याला जागवायचं, आपण झोपायचं, एक नाव त्याच्या कानाशी घोकत राहायचं आणि डोकं भ्रमलं की तेच नाव त्याच्या तोंडून काढायचं. देवऋषी मागच्या दारानं पसार झाला. दोघी सासवासुना मेल्यागत झोपल्या आणि शुद्धीवर आल्या.

वृषालीला महिनाभर रात्रीची झोप द्या, दारं धरायला पाळीपाळीनं कुणीतरी जा, असं डॉक्टरांनी बजावलं. हडळ बघायला गाव लोटलं होतं. दारं धरायला एकजण आला नाही. पुढच्याच आठवड्यात तारवटल्या डोळ्यांनी पंप चालू करताना वृषालीचा ओला हात स्टार्टरच्या उघड्या तारेवर पडला. मातीला आलेले लोक म्हणाले, शेवटी साखरबाईनं नेलीच.

मला या लोकांची चीड येते. बाबांनो, झोप मारली की धडधाकट माणसाचं डोकं फिरतं, काळीज थकतं, हात चुकतो. त्यात भूतबीत काही नसतं. घरात कुणी बरळायला लागलं तर देवऋषी शोधू नका. हे माणूस रात्री झोपतं का, ते आधी विचारा, आणि झोपत नसेल तर त्याचं काम आज रात्री तुम्ही करा.